काळी मेंढरं, पांढरं मुंडासं

काळ्या मेंढीचा फोटो काढणं अवघड असतं. कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं यंत्र एक गोष्ट गृहीत धरून बसलेलं असतं: समोर काहीही असो, सगळं मिळून ते मध्यम करडंच असणार, अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के उजेड परत देणारं. शहरातल्या रस्त्यावर, लग्नाच्या मांडवात, झाडांच्या गर्दीत हा अंदाज बहुतेक वेळा निभावून जातो. दख्खनी मेंढरांपुढे मात्र त्याची मात्रा चालत नाही. कळप काळा, त्याच्या मागं उन्हानं पांढरी पडलेली वाट, आणि मधोमध पांढरं मुंडासं बांधलेला म्हातारा. यंत्राला काळं पुष्कळ दिसतं, त्याला वाटतं अंधार आहे, आणि ते उजेड वाढवतं. मेंढरं राखाडी होतात आणि मुंडाशाच्या जागी नुसता कोरा कागद उरतो. मुंडाशाचे पीळ वाचवावेत तर मेंढरांचा एकच डाग होतो, शाई सांडावी तसा. त्यात पाठ कुठं संपते, पुढची मान कुठं सुरू होते, काही कळत नाही.

यावर उपाय आहेत. यंत्राचं ऐकायचं नाही, हा त्यातला पहिला. दुसरा, दिवस कलताना कळपाच्या अंगावरून जाणारा तिरपा उजेड धरायचा. त्या वेळी लोकरीची टोकं उजळतात. उन्हापावसात राहून काळ्या लोकरीची टोकं तांबूस झालेली असतात, हेही तेव्हाच दिसतं. लांबून काळा वाटणारा कळप काळा नसतोच. त्यात तपकिरी असतं, धुरकट असतं, एखादीच्या कपाळावर पांढरा ठिपका असतो. पण हे बघायला आधी त्या सरासरीच्या करड्याशी भांडावं लागतं.

आणि सरासरी तर माझं पोटापाण्याचं साधन.

मी मातीची तपासणी करते. शेतातून माती कशी घ्यायची, याची रीत ठरलेली आहे. नागमोडी चालत जायचं, ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती खरवडून घमेल्यात जमा करायची. सगळ्या ठिकाणची माती ताडपत्रीवर एकत्र कालवायची. ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे, पुन्हा चार भाग. असं करत अर्धा किलो माती उरली की ती त्या शेताची माती. चिंचेखालचा ओलावा, उताराची धूप, पाटाकडचा खार, सगळं एकमेकांत विरघळून एक आकडा होतो. प्रयोगशाळेत वॉकली आणि ब्लॅक या दोघांनी १९३४ साली सांगितलेल्या पद्धतीनं त्यातला सेंद्रिय कर्ब काढतात. जांभळट निळं द्रावण एका थेंबानं हिरवं होतं, तो क्षण मला अजूनही आवडतो. अर्ध्या टक्क्याच्या खाली कर्ब आला की अहवालात ‘कमी’ लिहायचं. कोरडवाहू पट्ट्यातल्या अहवालांत हा शब्द इतक्या वेळा लिहिला जातो, की हाताला त्याचं वळण पडतं.

याच रीतीत एक सूचना असते, प्रत्येक माहितीपत्रकात छापलेली. बांधाजवळची माती घेऊ नये, झाडाखालची घेऊ नये, खताच्या ढिगाजवळची घेऊ नये, आणि जनावरं बसण्याची जागा टाळावी. सूचना रास्त आहे. तिथली माती शेताचं खरं चित्र देत नाही, आकडा फुगवते. पण फलटण, माण, खटावच्या शिवारात फिरताना, जनावरं बसण्याची जागा म्हणजे काय ते मी पाहत होते. दिवाळीच्या पुढेमागे एखाद्या रानात धनगरांचा वाडा उतरलेला असायचा. वाडा म्हणजे घर नव्हे, चारपाच बिऱ्हाडं मिळून चालणारं आख्खं गाव: घोड्यांवर लादलेली भांडी, पाटा, घोंगड्या, दुरडीत कोंबड्या, पिशवीतून माना काढलेली कालपरवा जन्मलेली कोकरं. शेतात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून रात्री मेंढरं कोंडायची. दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यात. असं करत सगळं शेत मेंढरांनी बसून निघतं. याला ‘बकरी बसवणं’ म्हणतात. मेंढराला सरसकट बकरी म्हणायची त्यांची पद्धत आहे. शेतकरी बदल्यात धान्य देतो किंवा पैसे देतो.

शेळ्या-मेंढ्यांच्या लेंडीखतात साधारण तीन टक्के नत्र असतं, साध्या शेणखतात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शिवाय बसवलेल्या शेतात मूत्रही जागच्या जागी मुरतं, आणि खुरांनी सगळं तुडवून मातीत मिसळून जातं. लेंडी गाडीत भरावी लागत नाही, पसरावी लागत नाही. खत स्वतःच्या पायांनी चालत येतं आणि स्वतःच्या पायांनी पुढच्या शेतात जातं. मातीच्या माणसाला याहून देखणी व्यवस्था सुचणार नाही. आणि माझ्या रीतीप्रमाणे नेमकी तीच जागा मी टाळायची होती.

घमेलं जिथं न्यायचं नाही तिथं मी कॅमेरा न्यायला लागले. इतकंच खरं कारण आहे. कलेची ओढ वगैरे नंतर चिकटली.

पुण्याच्या आसपास गणिती डोक्याची माणसं धनगरांच्या मागं जाणं नवं नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळ गोव्याचे, व्यवसायानं गणिती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी होती आणि राहायला पुणं, त्यामुळे डेक्कन क्वीनचा प्रवास रोजचा. जनुकांचे नकाशे काढताना दोन जनुकांमधलं अंतर मोजायचं त्यांचं १९४४ सालचं सूत्र आजही त्यांच्या नावानं वापरलं जातं. प्राचीन नाण्यांकडेही ते गणितानंच गेले. हातोहात फिरताना नाणं झिजतं, झिजलं की हलकं होतं; पुरेशी नाणी तोलली तर कुठलं नाणं किती काळ बाजारात फिरलं याचा अदमास लागतो. म्हणून त्यांनी हजारो नाणी एकेक करून तराजूत घातली. सरासरी वजनातली घट पाहून इतिहास वाचणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी फिरायचा. म्हसोबाची ठाणी, चौकातल्या आया, शेंदूर फासलेले दगड, माळावर सापडणाऱ्या नखाएवढ्या दगडी पात्या. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हे १९६२ चं पुस्तक या पायपिटीतून आलं. मेंढपाळांच्या हंगामी वाटा, त्या वाटांवरची दैवतं आणि अश्मयुगातल्या हत्यारांच्या जागा एकमेकींवर ठेवून पाहता येतात, हे त्यांनी दाखवलं. देव कुठं बसलाय हे समजायला मेंढरं कुठून चालतात ते बघावं लागतं.

मला त्यांच्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. नाणी तोलताना एकेका नाण्याला काही अर्थ नव्हता, अर्थ सगळ्यांच्या बेरजेला होता. पण टेकडीवरच्या दगडापाशी ते थांबले की तो एकच दगड असायचा; तो कुठल्या वाटेवर आहे, त्याला कोण नारळ फोडतं, वर्षातून कधी फोडतं. दोन्ही कामं एकाच डोक्यात, आणि एकानं दुसऱ्याची खोडी काढली नाही. त्यांच्यामागून आलेले जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर हे आधी हिंदू कायद्याचे अभ्यासक. कायद्याच्या पोथ्यांतून उठून ते बिरोबाच्या देवळात धनगरांच्या ओव्या ऐकत बसले, आणि ओवी, यात्रा, माणसं यांची मोठी नोंद मागं ठेवून १९९२ साली गेले. बिरोबापुढं ओवीला बसतात तेव्हा ‘सुंबरान मांडलं’ असं गातात. रात्र मुरत जाते तशी ओवी लांबत जाते. अशा रात्रीचा फोटो मला कधी नीट साधलेला नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. ती कानांनी घ्यायची गोष्ट आहे.

आणखी एक शास्त्रज्ञ मला आठवतो, तो मात्र मराठी मुलखापासून फार लांबचा. सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की, रशियन, रसायनशास्त्रज्ञ. झारच्या पाठिंब्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो साम्राज्यभर रंगीत छायाचित्रं काढत हिंडला. रंगीत फिल्म तेव्हा नव्हती. तो एकाच दृश्याची तीन छायाचित्रं काचेवर घ्यायचा: एक निळ्या, एक हिरव्या, एक लाल काचेतून. मग तिन्ही एकमेकांवर पाडली की रंग उमटायचे. १९११ च्या सुमारास मध्य आशियातल्या गवताळ मैदानात त्यानं भटक्या पशुपालकांना त्यांच्या तंबूपुढं उभं केलं. त्याचे संच १९४८ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं विकत घेतले, आणि ते आज कुणालाही पाहता येतात. या पद्धतीची गंमत अशी की तीन छायाचित्रांच्या दरम्यान जे हललं त्याचे रंग सुटे होतात. पाण्याच्या कडांना, धुराला, हललेल्या हाताला लाल-हिरव्या-निळ्या झालरी येतात. म्हणजे ज्यांची ओळखच चालणं, त्यांना त्याच्या रसायनासाठी खांबासारखं स्थिर उभं राहावं लागलं.

आजचा कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात काम उरकतो. तरी भटक्यांना उभं करायची खोड गेलेली नाही. प्रदर्शनांत जे धनगर दिसतात ते बहुतेक म्हातारे असतात, सुरकुत्यांवर तिरपा उजेड, खांद्यावर घोंगडी, नजर लांब कुठंतरी. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केल्यावर अशा सुरकुत्यांना आणखी मागणी आली असेल. त्या चेहऱ्यांत खोटं काही नाही. पण खोकल्याच्या औषधाची बाटली, घोड्याच्या पाठीवरचं सोलर पॅनेल, महामार्गाच्या दुभाजकापाशी अडकलेला कळप, पोराचा शाळेचा दाखला कुठल्या तालुक्यातून काढायचा यावरून चाललेला वाद, यांतलं काहीच त्या चौकटीत येत नाही. मला महामार्गाचा फोटो अधिक हवासा वाटतो. कळप रस्ता ओलांडताना दोन्हीकडे गाड्या थांबतात. पुढं एक बाई घोडं धरून, मागं बाप्या काठी आडवी धरून, आणि काचेमागच्या माणसाच्या चेहऱ्यावर घड्याळ. सहापदरी रस्त्याला कळपानं घातलेली ती तेवढी एकच गाठ.

वाडे कुठून कुठं जातात, हे मातीच्या आणि पावसाच्या नकाशावर वाचता येतं. पावसाळ्यात मेंढरं घाटमाथ्याच्या पूर्वेला, कमी पावसाच्या मुलखात राहतात. ओल्या रानात त्यांचे खूर सडतात. पाऊस सरला, माळावरचं कुसळी आणि पवन्या वाळलं, की कळप निघतात. त्यातले कितीतरी घाट उतरून कोकणात जातात. तिथं भाताची कापणी झालेली असते आणि मोकळ्या खाचरांना खताची गरज असते. उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा वर. हे गणित जुनं आहे, फक्त त्यातली पदं बदलत चाललीत. जिथं पाटाचं पाणी आलं तिथं ऊस आला. ऊस वर्षभर उभा, मग मेंढरं बसायची कुठं? पोत्यातलं खत आलं तसं वाड्याला आवतण देणारे हात कमी झाले. आणि उरलेल्या माळांना सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणतात. ज्या माळावर गवताच्या अनेक जाती, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक हे सगळे राहतात, आणि पिढ्यानपिढ्या मेंढरं चरतात, ती जमीन कागदावर रिकामी. रिकामी म्हटली की तिच्यावर काहीतरी करायला हवंच. मग खड्डे, रोपं, तारेचं कुंपण.

त्या कुंपणापाशीच एका आप्पांनी मला विचारलं होतं, “बाई, ह्यो फोटू फारेष्टाकडं जातुय का?”

प्रश्न साधा होता, पण माझा हात खाली आला. मातीच्या नमुन्याला अक्षांश-रेखांश नसतील तर तो नमुनाच नव्हे. पिशवीवर पहिलं तेच लिहायचं. नाहीतर ती अर्धा किलो धूळ. मोबाइल आणि कॅमेरेही आता प्रत्येक चित्राच्या पोटात जागा आणि वेळ लिहून ठेवतात, न विचारता. माझ्या टेबलावर हीच नोंद पुरावा असते म्हणून तिचं मोल. आप्पांच्या कळपाला ती पुरावा होते म्हणून जड जाते. अमुक तारखेला अमुक वनक्षेत्रात इतकी जनावरं, चित्रासह. तेव्हापासून वाड्यावर जाताना ती नोंद बंद करते. शास्त्र शिकवताना मुलांना सांगते, की जागा न लिहिलेल्या निरीक्षणावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या दिवशी वाड्यावर जाऊन जागा पुसून टाकते. या दोन वागण्यांची सांगड घालायचा प्रयत्न मी केला नाही. दोन्ही जिथल्या तिथं बरोबर आहेत.

फोटो काढले की छापून द्यायचे, एवढा नेम मात्र पाळला. तो पाळताना एक अडचण कळली, जिचा विचार घरात राहणाऱ्याला सुचत नाही. फोटो टांगायला भिंत लागते. गावी घर असतं, पण वर्षातले कितीतरी महिने वाडा रानात. मोठे फोटो घोड्यावर लादलेल्या सामानात दुमडून जातात. म्हणून मी हाताच्या पंजाएवढे फोटो लॅमिनेट करून द्यायला लागले. ते आधार कार्ड, रेशन कार्ड, मेंढरांच्या औषधाच्या चिठ्ठ्या आणि बँकेचं पासबुक यांच्याबरोबर एका प्लास्टिकच्या पिशवीत गेले. कुटुंबाची सगळी कागदोपत्री हयात त्या पिशवीत असते. आपलं चित्र तिथं पोचलं, यात मला कुठल्याही प्रदर्शनाहून जास्त मान वाटला.

पहिला गठ्ठा घेऊन गेले तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. त्यात मला अभिमान वाटावा असा एक फोटो होता. वाड्यातली एक मावशी चुलीपुढं, डोक्यावर पदर, धुरातून उतरलेला उजेड. चेहरा असा आला होता की माझाच जीव हरखला होता. मावशींनी तो हातात घेतला, थोडा लांब धरला, जवळ आणला. स्वतःकडे बघितलंच नाही. चित्राच्या मागच्या कोपऱ्यात, धुराच्या पलीकडं, सहासात मेंढरं होती, जरा धूसरच आलेली. मावशींचं बोट तिथं गेलं.

“ही भुंडी बघा. ही तिची लेक. अन् ही कपाळाला चांदी असलेली, ही गेल्या साली गेली की वो.”

मग त्यांनी सुनेला हाक मारली. सून आली, तिनंही बोट ठेवलं. दोघींच्यात वाद लागला, की कडेची ती लांब कानाची आपली, का पलीकडच्या बिऱ्हाडाची. नवरे आले. एका शिंगाच्या वळणावरून निकाल लागला. जी मेंढरं मला चित्राची पार्श्वभूमी वाटत होती, त्यांतल्या प्रत्येकीला आई होती, वेत होतं, आजारपण होतं, एकीची मान लांडग्यानं धरलेली आणि सुटलेली होती. शेकड्यांचा कळप मी मोजत आले होते. त्या मोजत नव्हत्या. संध्याकाळी वाघरीत मेंढरं शिरताना कमी किती हे त्यांना आकड्यावरून कळत नाही, कोण आली नाही यावरून कळतं. कोकरू सोडलं की ते शेकडो आयांतून आपली आई शोधतं आणि आई त्याचा आवाज ओळखते, हे मी वाचलं होतं. माणसालाही ते जमतं, हे त्या दिवशी बघितलं. मावशींनी शेवटी स्वतःच्या चेहऱ्याकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, “मी लई काळी दिसतीया की.” माझ्या प्रकाशाच्या सगळ्या कारागिरीवरचा अभिप्राय एवढाच.

त्यानंतर माझ्या कामात बदल झाला, पण तो बोलून दाखवण्याइतका मोठा नाही. अहवालाला जोडायचा नमुना मी आजही रीतीप्रमाणे कालवूनच घेते. पण त्याबरोबर मेंढरं बसून गेलेल्या तुकड्याची माती वेगळ्या पिशवीत घेते, शेजारच्या न बसवलेल्या तुकड्याची वेगळी, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाही. सहकारी विचारतात, याचं पुढं काय करणार? काही वर्षं साठू देत, मग बघू, असं सांगते. त्या पिशव्यांवर जागा लिहिते, हे सांगायला नको. शेत शेतकऱ्याचं असतं. त्याला कुणी पडीक म्हणत नाही.

लोकरीबद्दल थोडंसंच. दख्खनी लोकर जाडीभरडी, टोचणारी. तिच्यापासून सणगर घोंगड्या विणत आले. आता कातरणीची मजुरी आणि लोकरीचा भाव यांचा हिशोब बसत नाही, असं मला ज्या ज्या वाड्यावर गेले तिथं ऐकावं लागलं. मेंढी आता मटणासाठी. त्यामुळे काळ्या मेंढरांत पांढरी आणि तांबडी पिल्लं वाढत चाललीत, कारण वजनानं भरणारे नर बाहेरून येतात. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या नराला तर बाजारात नुसता भाव नाही, कीर्ती आहे. उंच, पांढऱ्यावर तांबूस डाग, आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. आटपाडीच्या बाजारात असा नर लाखांत बोलला जातो.

म्हणूनच वाड्यावरचा सर्वांत चांगला फोटोग्राफर मी नाही. मावशींचा नातू आहे. बारावी झालेला, मोबाइलवर नराचे फोटो आणि व्हिडिओ काढून गटांत टाकतो, आणि तिकडून फोन येतात. माझे फोटो त्यानं एकदा शांतपणे पाहिले. “झकास हैत. पर ह्यास्नी गिऱ्हाईक येत न्हाई,” असं म्हणून त्यानं मला त्याची रीत दाखवली. नर थोड्या उंचवट्यावर उभा करायचा आणि आपण खाली बसायचं, म्हणजे पाय लांब दिसतात. समोरून काढायचा नाही. बाजूनं काढायचा, नाकाचा बाक आभाळावर यायला हवा. मग मागून एक, पुठ्ठ्याचा. मग ओठ वर करून दात, दोनदाती का चारदाती ते गिऱ्हाईक आधी विचारतं. दुपारच्या उन्हात काढायचं, सावल्या पडल्या तरी चालतील, रंग खरा दिसला पाहिजे. संध्याकाळचा सोनेरी उजेड म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. मी वर्षानुवर्षं जो उजेड धरायला धावत होते त्याची ही किंमत.

नर अडदांड होता, एका जागी राहीना. मी कॅमेरा पोत्यावर ठेवला आणि दोरी धरली. तो गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटला, मोबाइल आडवा केला आणि म्हणाला, “बाई, जरा मागं सरा. तुमची सावली त्याच्या नाकावर पडतीया.”